पोत्याखालून दिसणारे पाय

बातमी दर सोमवारी दुपारी येते. चार ओळींची, फार तर पाच. आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर उजव्या अंगाला एक चौकट असते, तिच्यात ती बातमी आणि तिच्यावर माझं चित्र. बातम्या खऱ्याच असतात, पण पहिल्या पानावर जातील अशा नसतात. ग्रामपंचायतीच्या दारावर आग्या मोहोळ बसलं म्हणून ग्रामसेवकाने महिनाभर रिक्षात बसून दाखले दिले. वाटणीत एकच विहीर आली म्हणून दोन भावांनी तिच्यात मधोमध भिंत घातली. हरवलेला पोपट सहा महिन्यांनी घरी आला तो कुठल्याशा शिंप्याच्या आवाजात ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायला शिकूनच. असल्या बातम्या. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत मी चित्र पाठवते, गुरुवारी अंक येतो.

मी नोकरीवर नाही, चित्रागणिक काम करते. माझं टेबल म्हणजे कोपरखैरण्याच्या आमच्या घरात आईच्या शिलाई मशीनवर टाकलेली फळी. आईला ब्लाउज शिवायचे असले की माझं ऑफिस बंद. पण त्या फळीवरून गेलेली चित्रं मी चार वर्षं छापून आलेली बघतेय, आणि चांगली चित्रकार आहेस का असं कोणी विचारलं तर मी लाजत नाही. चांगली आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पहिली म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून, जिवंत आणि गेलेले सगळे धरून. चित्रकलेची पदवी घेतेय असं गावाला कळलं तेव्हा चुलते म्हणाले होते, चित्रं काढायला कॉलेज कशाला लागतंय, रांगोळी तर सगळ्याच काढतात. मी म्हटलं, भाकरी पण सगळ्याच करतात, तुम्ही मात्र काकूच्याच हातची मागता. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

माझा एक नियम होता, आणि तो मी कोणी न विचारता सगळ्यांना सांगत असे. माझ्या चित्रातला माणूस खाली बघणार नाही. असल्या बातमीतला माणूस आधीच चारचौघांच्या हसण्यावारी गेलेला असतो, त्यात चित्रकाराने त्याला आणखी वाकवायचं हे मला पटत नव्हतं. म्हणून माझा ग्रामसेवक रिक्षात ताठ बसलेला, मांडीवर शिक्का, आणि नजर थेट वाचकाकडे. विहिरीतले भाऊ कमरेइतक्या पाण्यात, पण दोघांची मान वर. हसायचं तर बातमीला हसा, माणसाला नाही. हे मी कॉलेजातून शिकले नव्हते. हे माझं स्वतःचं होतं आणि म्हणूनच त्याचा मला जरा जास्तच तोरा होता.

माझे वडील, म्हणजे दादा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार होते. होते म्हणजे, मी सांगतेय त्या दिवसांत त्यांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. आमच्या घरात त्यांचाही एक नियम होता, माझ्या नियमापेक्षा जुना. घरातलं कोणी मार्केटात यायचं नाही. ते पहाटे इस्त्रीच्या शर्ट-पँटीत घरातून निघायचे आणि दुपारी अंघोळ करून त्याच इस्त्रीत परत यायचे. कामाचे कपडे तिकडेच गाळ्यात खुंटीला. लहानपणी मी हट्ट केला तर म्हणायचे, “तुझं तिथं काय काम?” शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘नोकरी’ लिहायचे. खोटं नव्हतं. पण ती नोकरी मी आयुष्यात एकदाही डोळ्यांनी बघितली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

नियमाच्या उलट बाजूने मात्र रस्ता चालू होता. मी मार्केटात जात नव्हते, माझी चित्रं जात होती. दर गुरुवारी दादा वाशीच्या स्टॉलवरून अंक घ्यायचे, शेवटचं पान नीट कापायचे आणि टोळी बसते तिथे, पाण्याच्या पिंपाच्या वर, भिंतीला चिकटपट्टीने लावायचे. फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना. पुढच्या गुरुवारी ते काढून दुसरं लावायचं असतं. टोळी म्हणजे एका गाळ्यावर एकत्र काम करणारे हे बारा-तेरा जण. जेवताना ते चित्र बघायचे आणि त्यावर बोलायचे. कोण काय बोललं ते दादा घरी येऊन सांगायचे, शब्द न शब्द. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं हे वाचन होतं आणि ते माझ्या परीक्षकांपेक्षा कडक होतं.

तर त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बातमी आली ती त्यांच्याच मार्केटातली. बटाट्याच्या उघड्या गोणीत एका वृद्ध ग्राहकाची कवळी पडली, एका हमालाला ती सापडली आणि त्याने मालकाला शोधून ती परत केली. चार ओळी. नाव नाही. मी दादांना वाचून दाखवली तर ते हसत सुटले. तो हमाल म्हणजे त्यांचाच जोडीदार. पोतं उचलून दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला एक माणूस लागतो, तो तुमचा जोडीदार. आमच्या मागच्याच गल्लीत राहतो, मी त्याला काका म्हणते. दादांनी लगेच फोन लावून त्याला सांगितलं की तुझं चित्र माझी पोरगी काढतेय. दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळीला सांगून झालं. उरलेल्या चार गुरुवारांपैकी पहिलाच असा आला म्हणून ते खूश होते.

मी चित्र काढलं ते मन लावून. पाठीवर भलंमोठं पोतं, तरी काका ताठ उभे, एका हातात कवळी उंच धरलेली, आणि वाचकाकडे बघून बत्तीस दात दाखवत हसतायत. बाजूला तो म्हातारा, तोंड घट्ट मिटलेला. दातवाला आणि बिनदाताचा. संपादक मॅडमनी फोन करून सांगितलं की या वर्षातलं हे तुझं सगळ्यात चांगलं. मीही ते मान्य केलं.

गुरुवारी दादा परत आले ते नेहमीसारखे. हात-पाय धुतले, चहा घेतला. मी विचारलं, लावलं का. म्हणाले, “भिंत ओली हाय.” मार्केटातली भिंत ओली व्हायला तेव्हा काही कारण नव्हतं. संध्याकाळी आईने धुण्यासाठी शर्ट घेतला तर खिशातून ते पान निघालं, चार घड्या घातलेलं. कापलंही नव्हतं नीट, फाडलेलं होतं.

मी काकांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. मला बघून काकूला चहा टाकायला सांगितला, बसायला पाट दिला, आणि जरा वेळ गावच्या पाण्याबद्दल बोलले. मग मीच विचारलं.

“चित्र झ्याक हाय पोरी,” ते म्हणाले. “पर त्यो मी न्हाय.”

टोळीत काय झालं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. पान बघितल्याबरोबर एकाने विचारलं, पाठीवर बटाटा हाय का कापूस. दुसरा म्हणाला, वर बघून कसा हसतोय, निवडणुकीला उभा ऱ्हायलाय जनू. तिसऱ्याने उठून तसं उभं राहून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले. काकाही हसले. इतपत चाललं असतं, दर आठवड्याला कोणाची ना कोणाची खेचतातच. पण मग टोळीतला एक जुना माणूस सहज म्हणून दादांना विचारून गेला.

“दादा, पोरीनं तुमाला कवा बघितलंच न्हाय का?”

दादांनी अंकातून पान फाडलं. घडी करून खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात घातलं. भिंतीवर गेल्या आठवड्याचा शिंप्याचा पोपट तसाच राहिला.

घरी येईपर्यंत मी चिडलेली होते, आणि खरं सांगायचं तर टोळीवरच चिडले होते. दादांना म्हटलं, मी काकांना मुद्दाम ताठ दाखवलं. तुम्हा लोकांना सगळे वाकलेलंच दाखवतात. कॅलेंडरवर बघा, बातम्यांत बघा, हमाल म्हटला की कमरेत मोडलेला. मला तसं काढायचं नव्हतं. दादा ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “वर बघितलं की पोतं मागं जातं. पोतं मागं गेलं की मानूस मागं जातो. मग त्येला दवाखान्यात जाऊन बघायचं.”

मी ते पान उलगडून काकांची वर केलेली मान बघितली.

“मान खाली घालनं म्हंजी कमीपना, आसं तुला वाटतंय,” ते म्हणाले. “आमच्याकडं ती कामाची रीत हाय.”

एवढं बोलून त्यांनी टीव्ही लावला. पण मी जागेवरून हलले नाही, कारण एक गोष्ट मला तेव्हाच सुचली होती. मी विचारलं, मग काकांनी त्या म्हाताऱ्याला ओळखलं कसं? बातमीत ते नव्हतं. दादांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि सांगितलं.

पाठीवर पोतं असताना हमालाला कोणाचं तोंड दिसत नाही. दिसतात ते पाय. दिवसभर पायच. व्यापारी, मापाडी, चहावाला, टेम्पोवाले, सगळे त्यांना पायांवरून माहीत. त्या सकाळी काकांनी चार खेपा केल्या तेव्हा उघड्या गोणीपाशी दोन पाय होते, एकात मोजा आणि दुसरा मोकळा, आणि दोन्ही टाचा उचललेल्या. म्हणजे माणूस वाकून गोणीत बघतोय. पाचव्या खेपेला ते पाय नव्हते. दुपारी गोणी बांधताना कवळी निघाली. व्यापारी म्हणाला, फेकून दे, शेकडो माणसं येऊन गेली. काका जेवायचं सोडून एक मोज्याचा माणूस शोधत निघाले, आणि तो त्यांना मोठ्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर सापडला. पायाला जखम होती म्हणून एकच मोजा. शिंक आली तेव्हा दात गेले, आणि एवढ्या लोकांत सांगायची लाज वाटली म्हणून तोंडावर रुमाल धरून बसला होता. काकांनी आधी मोजा बघितला, मग तोंड.

म्हणजे जी गोष्ट घडली ती मान खाली होती म्हणूनच घडली. आणि मी तीच मान वर करून ठेवली होती. चित्र नुसतं चुकलं नव्हतं, बातमीतली बातमीच त्यातून गळाली होती.

माझी चूक मला पटायला वेळ लागतो. पण एकदा पटली की मी ती दुसऱ्यावर ढकलत नाही. दुसऱ्या दिवशी मी बेलापूरला गेले. आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस वकिलांच्या आणि टायपिंगवाल्यांच्या गर्दीत दुसऱ्या मजल्यावर आहे. मॅडमना सांगितलं, चित्राची दुरुस्ती छापायची आहे.

त्यांनी चष्मा काढला. नावं चुकली तर दुरुस्ती छापतो, आकडे चुकले तर छापतो, म्हणाल्या, चित्रात काय दुरुस्त करायचं, नाक? मी म्हटलं, मान. मग कोणाचं पत्र आलंय का, फोन आलाय का, असं विचारू लागल्या. मी सांगितलं, पत्र नाही, फोन नाही. माझ्या वडिलांनी पान भिंतीवर लावलं नाही. आणि मग भिंतीची, टोळीची, महिनाअखेरीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकली. पण संपादक ती संपादकच. म्हणाल्या, अगं, वाचकाला काय कळतंय त्यातलं.

“ज्यांना कळतं ते बारा जण पण वाचकच आहेत,” मी म्हटलं.

त्यावर त्यांनी दिनदर्शिका पुढे ओढली. पुढच्या दोन अंकांत चौकटीची जागा आधीच जाहिरातीला गेली होती. महिन्याचा शेवटचा गुरुवार मोकळा होता. तो देते, म्हणाल्या, पण माफीनामा म्हणून नाही. चित्र चित्र म्हणून उभं राहिलं तर छापेन, नाहीतर नवीन बातमी घेईन. तो शेवटचा गुरुवार म्हणजे दादांच्या कामाचाही शेवटचा गुरुवार. ते चुकलं की मग भिंतही नाही आणि टोळीही नाही. त्या जुन्या माणसाने विचारलेला प्रश्न तेवढा मागे राहणार होता.

मी घरी येऊन कागद पुढे घेतला आणि काढायला लागले. जमेना. वाकलेला माणूस काढला की कॅलेंडरवरचा हमाल होत होता. मोबाईलवर फोटो बघितले, सगळे समोरून काढलेले, उभ्या माणसाने. शेवटी दादांना म्हटलं, मला मार्केटात यायचंय.

“तुझं तिथं काय काम?”

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हटलं, काम आहे म्हणूनच विचारतेय. न बघता काढलं ते तुमच्या टोळीने बघितलंच.

ते उठून आत गेले आणि गावाहून आलेलं गव्हाचं अर्धं पोतं ओढत बाहेर घेऊन आले. आई म्हणाली, अहो काय हे, पोरीची जात, कंबर धरेल. दादांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. टॉवेलची चौघडी माझ्या मानेवर ठेवली, मला गुडघ्यात वाकवलं आणि पोतं वर दिलं. मला वाटलं होतं वजन पाठीवर येईल. ते मानेच्या मुळाशी आलं, दोन खांद्यांच्या मधे, आणि डोकं आपोआप खाली गेलं. मी काही घातलं नाही.

“आता आईकडं बघ,” दादा म्हणाले.

“दिसत नाही.”

“मग काय दिसतंय?”

“पाय.”

“कुनाचे?”

“आईचे.”

“कशावरनं?”

“जोडवी.”

“हां. चल आता.”

तिथून दारापर्यंत सहा पावलं. तेवढ्यात मला फरशीचा तो फुटका कोपरा दिसला जो बावीस वर्षं त्या घरात राहून कधी दिसला नव्हता. दारात पोतं उतरवून घेतलं आणि दादा म्हणाले, शनिवारी साडेआठला गेटवर ये. साधे कपडे घाल. आणि मला हाका मारू नको.

शनिवारी मी गेले. मार्केट कसं आहे हे मी इथे सांगत बसणार नाही. कांद्याचा वास नाकात बसायला पाच मिनिटं लागतात, आणि जायला दोन दिवस. काकांनी मला गाळ्याच्या बाजूला एका पालथ्या क्रेटवर बसवलं. दादा आतून आले. हाफ पँट, बनियन, मानेवर दुमडलेलं फडकं, हातात लोखंडी हूक. मी पटकन वहीत बघायला लागले, जसं काही मी त्यांना चोरून बघितलंय. मग मलाच वाटलं, हे बघायलाच तर आलेय. म्हणून मान वर केली आणि बघितलं.

काकांनी आणि आणखी एकाने पोतं उचलून दिलं. दादांनी गुडघ्यात जरा बसून ते मानेवर घेतलं, उजवा हात खांद्यावरून मागे नेऊन हूक पोत्याच्या कानात अडकवला आणि निघाले. मला वाटायचं ओझं घेतलेला माणूस हळू चालतो. तसं नाही. तो लगबगीने चालतो, पावलं आखूड, गुडघे कधी पुरते सरळ न करता, कारण थांबलं की वजन वाढतं. आणि तोंडाने सारखं, पाय, पाय, पाय. म्हणजे वाटेतले पाय बाजूला घ्या. एकसष्टीला आलेले माझे वडील माझ्यासमोरून असे गेले की मला त्यांच्यात वाकलेलं काहीच दिसलं नाही. पाणी भरलेली घागर कडेवर घेऊन बाई जशी तिरकी होते तसे ते खाली होते. कामापुरते, आणि बरोब्बर.

मी क्रेटवरून उतरून जमिनीवर बसले आणि तिथून काढायला लागले. पाय काढले. व्यापाऱ्याची पांढरी शुभ्र चप्पल, टाचेवर टाच घासत उभी. मापाड्याची सँडल, जिचा एक पट्टा सुतळीने बांधलेला. चहावाल्याचे रबरी बूट. एका शेतकऱ्याचे अनवाणी पाय, चप्पल आत्ताच काढलेली असावी, कारण पायाला चिखल नव्हता. तासाभराने उजेड फिरला म्हणून मी जागा बदलून पलीकडच्या खांबापाशी गेले आणि तिथे गर्दीत उभी राहिले. दादा खेप घेऊन येत होते. पाय, पाय, पाय. मी बाजूला सरकले. माझ्या अंगावरून जाताना, पोत्याखालून, न थांबता ते म्हणाले, “टाच झिजलीय. बदल ती चप्पल.”

मी कुठे उभी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

चित्र तिथेच झालं. घरी येऊन फक्त शाई भरली. चौकटीच्या वरच्या कडेला पोत्याची काळी किनार, जणू वाचकाच्याच डोक्यावरून लोंबतेय. तिच्याखाली मार्केटची ओली फरशी, कांद्याची साल, आणि पाय. डावीकडून उजवीकडे पायच पाय. मधे ते दोन, एकात मोजा, टाचा उचललेल्या. सगळ्यात पुढे, खाली, हमालाच्या स्वतःच्या पायांची बोटं. तोंड एकही नाही.

मॅडमनी सोमवारी चित्र टेबलावर ठेवून बराच वेळ बघितलं. वाचक आधी तोंड शोधतो, म्हणाल्या. यात माणूस कुठे आहे? मी सांगितलं, आपण त्याच्या जागी उभे आहोत. त्यांनी चित्र उलटं करून बघितलं, सुलटं केलं. मग म्हणाल्या, कवळी कुठेय? मी एका कोपऱ्यात, बटाट्यांच्या मधे, बोट ठेवून दाखवली. त्या हसल्या, आणि चित्र ठेवून घेतलं. खाली काय ओळ टाकायची ते त्यांनी मलाच लिहायला लावलं. मी लिहिलं: तीन अंकांपूर्वी याच बातमीच्या चित्रात हमाल वर पाहताना दाखवला होता. पोतं घेतलेला हमाल वर पाहत नाही. चूक चित्रकाराची. त्यांनी एक शब्दही बदलला नाही.

शेवटच्या गुरुवारी पहाटे दादा शर्टाची बटणं लावत माझ्या अंथरुणापाशी आले आणि म्हणाले, “चल.”

वाशीला स्टॉलवर अंक घेतला. दादांनी शेवटचं पान तिथेच उघडलं नाही. काखेत मारून मार्केटात आले, कपडे बदलले, सकाळच्या गाड्या रिकाम्या केल्या. मी पिंपाजवळ बसून होते. डोक्यावर शिंप्याचा पोपट, एका बाजूने सुटून लोंबत. जेवायच्या सुट्टीत सगळे जमले तेव्हा त्यांनी घाई न करता कात्रीने पान कापलं आणि भिंतीला नुसतं धरलं.

कोणी हसलं नाही. मग काका पुढे वाकले.

“ह्यो अंगठा माझा हाय,” ते म्हणाले. “नख बगा.”

मग सुरू झालं. ही पांढरी चप्पल शेटची, टाच घासतोय बघ, भाव पडलाय वाटतं. हा सुतळीचा पट्टा मापाड्याचा, दोन महिने सांगतोय नवा घाल. हे रबरी बूट आले, चहा आला. एकेक जण बोट ठेवत होता आणि माणूस ओळखत होता. तोंड नसलेल्या चित्रात त्यांना सगळी माणसं सापडली. मी काढताना ज्यांची नावंही मला माहीत नव्हती त्यांची घरदारं त्यांनी मला सांगितली. तो जुना माणूस, ज्याने दादांना प्रश्न विचारला होता, चष्मा लावून सगळ्यात शेवटी आला. उजव्या कडेला, खांबापाशी, बाईची एक चप्पल होती. ती कोणाची ते त्याला लागेना.

“ही कोन?” त्याने विचारलं. “ही गाळ्यावरची न्हाय.”

दादांनी पान भिंतीला धरून ठेवलं होतं, त्याच हाताचा अंगठा त्यांनी त्या चपलेच्या टाचेपाशी नेला. टाच झिजलेली होती. मी तशीच काढली होती.

“ही माझी पोरगी,” ते म्हणाले. “आली हुती बघायला.”

मग चिकटपट्टी मागितली. काकांनी दाताने तुकडे तोडून दिले. वरचे दोन कोपरे लावले, आणि दादा थांबले नाहीत, खालचे दोनही लावले.